आजार बरा झाला; अभ्यासाचं काय?

"जीव वाचला ना, मग आणखी काय हवं?" कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या मुलाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं. भेटायला आलेल्या मावश्या-आत्या म्हणतात, शेजारीण म्हणते, आणि दोन-अडीच वर्षं इस्पितळाच्या वाऱ्या करून थकलेली आईसुद्धा देवापुढे दिवा लावताना हेच म्हणते. त्यात चुकीचं काहीच नाही. ज्या आजाराचं नाव काढताच घर गप्प होत असे, त्यातून पोर सुखरूप घरी आलं, याहून मोठी गोष्ट ती कोणती?

मूल पुन्हा शाळेत जायला लागतं. केस येतात, गाल वर येतात. आणि वर्ष-दोन वर्षांनी एक वेगळीच तक्रार सुरू होते. "काल पाठ केलेलं आज आठवत नाही." "उत्तर येतं, पण पेपर पुरा होत नाही." "एक काम सांगितलं तर करते, तीन एकदम सांगितली की नुसती उभी राहते." घरातले म्हणतात, आजारपणात फार लाड झाले. शाळेतले म्हणतात, लक्ष नाही. शिकवणीवाले तर सरळ म्हणतात, मूल ढ आहे.

मैत्रिणींनो, यातलं एकही कारण बहुतेक वेळा खरं नसतं. खरं कारण आजारावरच्या उपचारात दडलेलं असतं, आणि त्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. आपल्याकडे ही गोष्ट आयांपर्यंत आणि आम्हा शिक्षकांपर्यंत फारशी पोहोचलेलीच नाही, म्हणून हा लेख.

औषधाने वाचवलं, आणि…

लहान मुलांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर. त्यातही 'ए.एल.एल.' हा प्रकार. १९४८ पर्यंत या आजारावर काहीही इलाज नव्हता. त्या वर्षी अमेरिकेत बोस्टन इथे डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनॉप्टेरिन हे औषध देऊन काही मुलांचा आजार थोड्या महिन्यांपुरता का होईना, आटोक्यात आणून दाखवला. हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं, तिथले प्रमुख संशोधक होते आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव! याच औषधाचं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. आजही ब्लड कॅन्सरच्या मुलांना ते दिलं जातं.

पण एक अडचण राहिली. रक्तातून दिलेली बरीच औषधं मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाहीत. त्यामुळे आजार मेंदूभोवती दडून बसायचा आणि पुन्हा डोकं वर काढायचा. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९६२ मध्ये सेंट ज्यूड हे मुलांचं रुग्णालय सुरू झालं. तिथल्या डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी डोक्याला किरणोपचार आणि पाठीच्या कण्यातून औषध अशी जोड दिली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या उपचाराने जवळजवळ निम्मी मुलं कायमची बरी होऊ लागली. आधी जवळजवळ कुणीच वाचत नसे, हे लक्षात घेतलं म्हणजे याचं मोल कळेल.

ही मुलं मोठी होऊ लागली तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं की त्यांच्यातली बरीच जण अभ्यासात मागे पडताहेत. मग किरणांची मात्रा कमी केली, आणि पुढे शक्य त्या मुलांना किरण देणंच थांबवलं. सेंट ज्यूडमध्येच २००० ते २००७ या काळात ब्लड कॅन्सरच्या एकाही मुलाला सुरुवातीचा प्रतिबंध म्हणून डोक्याला किरण न देता उपचार केले गेले. तरीही शंभरातली त्र्याण्णवहून अधिक मुलं पाच वर्षांनंतर हयात होती. भारतातही १९८४ पासून मोठ्या इस्पितळांत जी उपचारपद्धत वापरली गेली, तिच्यात डोक्याचे किरण होते. आता ते निवडक मुलांनाच देतात. मेंदूत गाठ झालेल्या पुष्कळ मुलांना मात्र अजूनही त्यावाचून गत्यंतर नसतं.

तेव्हा डॉक्टरांना किंवा औषधाला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी जीव वाचवला. मागे जे राहिलं त्याची काळजी घेणं आता आपल्याकडे आलं आहे.

मेंदूत होतं काय?

विजेच्या तारेवर जसं आवरण असतं, तसं मेंदूतल्या तंतूंवरही एक स्निग्ध आवरण असतं. ते बाळपणापासून विशी उलटेपर्यंत हळूहळू तयार होत असतं. त्याच्यामुळे निरोप इकडून तिकडे झटकन पोहोचतो. किरणांनी, आणि काही अंशी मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी, हे आवरण तयार होण्यात अडथळा येतो. मूल जितकं लहान, तितका धोका अधिक. मुलग्यांपेक्षा मुलींना हा त्रास जास्त होतो, असंही अभ्यासांत दिसलं आहे.

परिणाम मुख्यतः तीन ठिकाणी दिसतो. एक, लक्ष टिकत नाही. दोन, काम करण्याची गती मंदावते. तीन, हाताशी ठेवायची आठवण तोकडी पडते. ही तिसरी गोष्ट आपल्या भाषेत सांगायची तर स्वयंपाकघराचा ओटा आठवा. ओटा लहान असला की एका वेळी एकच पदार्थ करता येतो. चिरलेली भाजी, मळलेली कणीक, फोडणीचं साहित्य सगळं एकदम मांडलं की काहीतरी खाली पडतंच. सुगरण तीच असते, जागा कमी असते. ही मुलं हातचा घेऊन बेरीज करताना हातचाच विसरतात, ते याच कारणाने.

आणखी एक गोष्ट आयांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. हा परिणाम लगेच दिसत नाही. उपचारानंतर दोन-चार वर्षांनी तो कळू लागतो. मूल शिकलेलं विसरतं म्हणून मागे पडत नाही. नवीन शिकण्याचा त्याचा वेग बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी असतो, म्हणून दर वर्षी अंतर वाढत जातं. तिसरीपर्यंत बरी चाललेली गाडी पाचवी-सहावीत अडते ती यामुळेच.

सगळ्याच मुलांना असं होतं असं मात्र समजू नका. ज्यांची गाठ मूत्रपिंडात किंवा शरीराच्या दुसऱ्या भागात होती आणि ज्यांच्या डोक्याला किरण लागले नाहीत, त्यातल्या बहुतेकांना हा त्रास होत नाही. किरण न घेतलेल्या ब्लड कॅन्सरच्या मुलांतही तो पुष्कळ सौम्य असतो.

सहावीतली एक मुलगी

मी अर्धवेळ शिक्षिका आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या सहावीच्या वर्गात अशी एक मुलगी होती. चौथ्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला, डोक्याला किरण दिले गेले, आणि शाळेत येईपर्यंत ती पूर्ण बरी झाली होती. तोंडी विचारलं की छान उत्तर द्यायची. फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं, की बाकीच्यांची वही मिटेपर्यंत हिच्या चार ओळी व्हायच्या. अक्षर वेडंवाकडं. तोंडी एक आणि लेखी दुसरं, हे काही आळशी मुलीचं लक्षण नव्हे, असं मला वाटत राहिलं, म्हणून तिच्या आईला बोलावून घेतलं.

ती आल्या आल्या रडायलाच लागली. "बाई, खरं सांगा, माझी पोर ढ आहे का हो? आमच्या सासूबाई म्हणतात, जगली हेच खूप, शाळा कशाला? घरकाम शिकव."

मी म्हटलं, "ताई, आधी तिचे इस्पितळातले कागद आहेत का बघा, आणि पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना हे सगळं सांगा. अभ्यासाचं डॉक्टरांना काय सांगायचं, असं म्हणू नका."

मुंबईला तिच्या चाचण्या झाल्या. बुद्धी सर्वसाधारण होती. गती आणि हाताशी धरायची आठवण मात्र फारच कमी. शिवाय व्हिन्क्रिस्टीन नावाच्या औषधाने बोटांतली ताकद कमी झाली होती, म्हणून अक्षर तसं! कागदावर हे लिहून आल्यावर त्या घरातलं बोलणंच बदललं. मुलगी एकाएकी हुशार झाली नाही. पण तिला मार बसायचा थांबला, आणि तिला कसं शिकवायचं ते आम्हाला कळलं.

मेंदूची कसरत

पाय मोडल्यावर प्लॅस्टर निघालं की व्यायाम करून पाय पुन्हा चालता करतात. तसंच मेंदूसाठी करतात, त्याला कॉग्निटिव्ह रिहॅबिलिटेशन, म्हणजे बौद्धिक पुनर्वसन म्हणतात. अमेरिकेत पोर्टलंड इथले मानसशास्त्रज्ञ डॉ. रॉबर्ट बटलर यांनी खास कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांसाठी असा कार्यक्रम तयार केला. आठवड्यातून एकदा दोन तास, असे साधारण वीस वर्ग, चार-पाच महिन्यांत. त्यात तीन गोष्टी होत्या. लक्ष टिकवण्याचे सोप्यापासून अवघड होत जाणारे सराव. कामाला बसण्याआधी, काम करताना आणि झाल्यावर काय करायचं त्याच्या युक्त्या. आणि "मला येतच नाही" या मनातल्या बोलण्याऐवजी स्वतःला धीर द्यायची सवय.

सात रुग्णालयांतल्या ६ ते १७ वर्षांच्या १६१ मुलांवर हा कार्यक्रम तपासून पाहिला आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शाळेच्या विषयांत मुलं सुधारली. मुलाचं लक्ष वाढलं, असं पालकांनी सांगितलं. मात्र लक्ष आणि स्मरण मोजणाऱ्या चाचण्यांत म्हणावा तसा फरक पडला नाही. मला स्वतःला यातून फार शिकायला मिळालं. ओट्याची लांबी वाढली नाही, पण त्या ओट्यावर स्वयंपाक कसा करायचा ते मुलं शिकली. आणि शाळेत तर तेच लागतं!

पुढे सेंट ज्यूड रुग्णालयाने ६८ मुलांवर संगणकावरचे सराव करून पाहिले. घरी बसून पंचवीस बैठका, आणि फोनवरून एक मार्गदर्शक. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांची हाताशी धरायची आठवण सुधारली होती. पण म्हणून मुलाच्या हाती मोबाइल देऊन खेळ खेळू देणं म्हणजे उपचार नव्हे! हे सराव मुलाच्या कुवतीप्रमाणे अवघड होत जातात आणि त्यावर कुणाची तरी देखरेख असते.

लक्ष टिकण्यासाठी मेथिलफेनिडेट हे औषधही काही मुलांना उपयोगी पडतं, पण ते तज्ज्ञ डॉक्टरांनी दिलं तरच. स्मरणशक्तीच्या जाहिराती पाहून टॉनिकं आणि चूर्णं देऊ नका. कॅन्सरच्या मुलाच्या पोटात काहीही नवीन जाण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

घरी काय करता येईल?

आपल्या गावात असे वर्ग नाहीत, म्हणून हात टेकू नका. यातल्या पुष्कळ युक्त्या आईला घरातही वापरता येतात.

१. एका वेळी एकच काम सांगा. सांगून झालं की "काय करायचं, सांग बघू?" असं विचारून तिच्याच तोंडून वदवून घ्या.

२. लक्षात ठेवायचं ओझं भिंतीवर टाका. दाराजवळ एक कागद लावा: दप्तर, डबा, पाण्याची बाटली, चष्मा. वस्तूंच्या जागा ठरलेल्या असू द्या. दप्तर रात्रीच भरा.

३. अभ्यास पंधरा-वीस मिनिटांचा, मग पाच मिनिटं सुट्टी. अवघड विषय सकाळी, मूल ताजंतवानं असताना. रात्री उशिरापर्यंत जागवू नका.

४. खेळातून सराव घ्या. पत्ते पालथे मांडून जोड्या शोधणं, बुद्धिबळ, नाव-गाव-फळ-फूल. वाण्याकडे पाठवताना चिठ्ठी न देता आधी दोन जिन्नस सांगा, जमलं की तीन. भाज्यांची नावं ऐकवून उलट्या क्रमाने म्हणायला लावा.

५. गणित करताना मोठ्याने बोलायला शिकवा. "काय विचारलंय? काय दिलंय? आता पहिली पायरी कोणती? झालं, पुन्हा तपासू." काही महिन्यांनी हेच बोलणं मनातल्या मनात होऊ लागतं.

६. मैदानावर पाठवा. टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयाने मेंदूच्या गाठीतून बऱ्या झालेल्या मुलांकडून १२ आठवडे नियमित व्यायाम करून घेतला, तेव्हा मेंदूतल्या तंतूंत चांगला बदल दिसला. अभ्यास लहान होता, पण पळणं, पोहणं, सायकल यांना पैसे पडत नाहीत. डॉक्टरांना एकदा विचारा आणि सुरू करा.

७. आणि तुलना नको! धाकट्या भावाशी तर नकोच नको.

शाळेकडून काय मागावं?

पुष्कळ आया आजार शाळेत लपवतात. इतर मुलं जवळ बसणार नाहीत, अशी धास्ती असते. कॅन्सर संसर्गजन्य नाही, हे शिक्षकांनीच वर्गाला समजावून सांगावं. पण वर्गशिक्षिकेला सांगितलंच नाही, तर ती मदत कशी करणार?

पुढच्या बाकावर, खिडकी-दारापासून लांब जागा मागा. फळ्यावरचं सगळं उतरवण्याऐवजी टिपणांची झेरॉक्स मिळू द्या. दहा गणितांऐवजी पाच द्यावीत, पण ती पूर्ण करून घ्यावीत. शक्य तिथे तोंडी परीक्षा घ्यावी. मूल हाकेला ओ देत नसेल तर आधी कान तपासा. सिस्प्लॅटिन हे औषध घेतलेल्या काही मुलांना बारीक, उंच पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत. मूल सदा सुस्त असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या, कारण किरणांमुळे तेही बिघडू शकतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मानलं आहे आणि त्यात अध्ययन अक्षमताही आहे. अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयी द्याव्यात, असं कायदा सांगतो. कॅन्सर झाला होता, एवढ्यावरच दाखला मिळत नाही. चाचणीत काय निघतं त्यावर तो अवलंबून असतो, आणि नेमलेल्या सरकारी रुग्णालयातूनच मिळतो. मुंबईत शीव रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. दहावीच्या फॉर्मची वाट न पाहता आठवीतच ही खटपट सुरू करावी.

कुठे जावं?

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ पासून बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळा विभाग आहे. त्याला 'अ‍ॅक्ट' क्लिनिक म्हणतात. उपचार संपल्यावरही या मुलांची वर्षानुवर्षं तपासणी होते. बऱ्या झालेल्या तरुणांचा 'उगम' नावाचा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ मध्ये सुरू झाला. आपल्यासारखंच सोसलेलं कुणीतरी कॉलेजात जातं, नोकरी करतं, हे पाहून मुलांना जो धीर येतो तो आपण देऊ शकत नाही. उपचार चालू असताना राहायची अडचण असणाऱ्यांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून विनामूल्य राहण्याची सोय करते.

मुंबई लांब असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि शिकण्यातल्या अडचणीही त्यात धरल्या आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागातही मानसशास्त्रज्ञ असतात. एकदा चाचणी केली म्हणजे झालं, असं नाही. मूल वाढतं तशी ती दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावी.

मुलीची शाळा सोडवू नका

शेवटी एक कळकळीचं सांगणं. मुलगा मागे पडला तर शिकवणी लावतात; मुलगी मागे पडली तर शाळा सोडवतात. "हिच्या दुखण्यापायी आधीच कर्ज झालंय," असं म्हणत पहिली कात्री तिच्या शिक्षणाला लागते. ज्या मुलीला लक्षात ठेवायला जड जातं, तिला तर शिक्षणाची गरज दुप्पट आहे. औषधाची चिठ्ठी वाचणं, बँकेचा व्यवहार, स्वतःच्या जुन्या आजाराची माहिती डॉक्टरांना नीट सांगणं, हे सगळं पुढे तिचं तिलाच करायचं आहे. तिला गणितात नव्वद मिळाले नाहीत तरी चालेल. शिवण, संगणक, बालवाडीचं शिक्षण, नर्सिंगमधले छोटे अभ्यासक्रम, पुष्कळ वाटा आहेत. पण त्यासाठी निदान दहावी-बारावीपर्यंत तिचं बोट सोडू नका.

तुमच्या नात्यात, चाळीत, सोसायटीत कुणाचं मूल या आजारातून बरं झालं असेल, तर त्याच्या आईला एवढ्या चार गोष्टी जरूर सांगा. कोणती औषधं दिली, किरण किती आणि कुठे दिले, याचा सारांश इस्पितळातून लिहून घ्या आणि तो कागद रेशन कार्डाइतकाच जपून ठेवा. उपचार संपले तरी वर्षातून एकदा दाखवायला जा. अभ्यासात फरक दिसला की वाट न पाहता चाचणी करून घ्या. आणि कुणी कितीही म्हणो, त्या पोराला ढ म्हणू देऊ नका.